चाळीस किलो दोळ

१

भद्रावतीच्या कोर्टाच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली, एका पायाला विटेचा टेकू दिलेलं टेबल मांडून खैरुनबाई एकतीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत आल्या होत्या. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आहे. सख्ख्या भावानं भावाची विहीर आपल्या नावावर चढवलेली त्यांनी टाइप केली होती. पोरानं बापाच्या मृत्यूचा दाखला काढल्याची तक्रारही टाइप केली होती, आणि ती सांगायला बाप स्वतः समोर बसला होता. माणसं काय काय करतात याचं आपल्याला आता नवल वाटत नाही, असं त्या चहावाल्याला नेहमी ऐकवायच्या. त्या सोमवारी मात्र त्यांचा चहा कपातच राहून गेला.

आलेली बाई पळसबोडीची गोकुळा पचारे होती. पंचेचाळिशीची, ढिवराच्या घरची, माजरीच्या बाजारात मासोळी विकून रिकाम्या टोपल्यासकट सरळ इकडे आलेली. टोपल्यातून तिनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला आणि हा कोर्टाचा आहे म्हणतात, वाचून सांगा, म्हणाली.

खैरुनबाईंनी चष्मा चढवला. कोरपन्याचा जाळ्यांचा व्यापारी धनराज यानं पळसबोडीच्या महिला मच्छीमार गटावर दावा लावला होता. गटानं बारा जाळी आणि चाळीस किलो नायलॉन दोर उधारीवर नेला, बिल चौऱ्याण्णव हजारांचं, एक पैसाही दिला नाही, वर व्याज. गटाच्या अध्यक्ष म्हणून गोकुळाचं नाव होतं. तीस दिवसांत लेखी जबाब द्यायचा होता. नाही दिला तर एकतर्फी हुकूम व्हायला मोकळं रान होतं.

समन्स कधी मिळालं, असं त्यांनी विचारलं. बावीस दिवस झाले होते. इतके दिवस काय केलं, तर गुणवंतभाऊंनी वाचून सांगतो म्हणून कागद ठेवून घेतला होता. मग म्हणाले, कोर्टाच्या भानगडीत पडू नका, धनराजशी मी बोलतो. आज बाजारात एका गिऱ्हाइकानं घाबरवलं तेव्हा ती भाऊंच्या घरून कागद मागून घेऊन आली होती. म्हातारी माणसं जीव लावतात आणि मुदत घालवतात, असं खैरुनबाई मनात म्हणाल्या.

"धनराजचं दुकान मी आतून पाह्यलं नाई, बाई," गोकुळा म्हणाली. "आमचं जायं चांद्याहून येते, रोखीनं."

चांदा म्हणजे चंद्रपूर. त्याचे कागद गटाकडे होते.

"मंग सोपं हाये. माल घेतला नाई, सही खोटी. दोन पानांत जबाब होते."

असं म्हणत खैरुनबाईंनी शेवटचं पान उलटलं. ती पोचपावतीची नक्कल होती. रेघांच्या वहीचं पान, त्यावर छापल्यासारखी सुटी सुटी अक्षरं, तारीख गेल्या ऑगस्टची सतरा, आणि खाली उजव्या कोपऱ्यात सही. तिच्यावर बोट ठेवून त्यांनी कागद गोकुळापुढे सरकवला.

गोकुळानं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग खाली ठेवला.

"बाई," ती म्हणाली, "सही माहीच हाये."

२

खरं सांगायचं तर त्या क्षणी खैरुनबाईंना वाटलं, ही खोटं बोलते आहे. माल घेतला असेल, पैसे फिटले नसतील, आता अंगावर आलं म्हणून रडते आहे. असे रोज दोन तरी येतात. पण खोटं बोलणारा माणूस आधी सही नाकारतो. ही तर कुणी न विचारता आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होती. बाईंनी चहा बाजूला सारला आणि तिला नीट बसवलं.

गोकुळाला चौऱ्याण्णव हजारांपेक्षा तळ्याची धास्ती होती. पळसबोडीचं तळं पाच वर्षांच्या ठेक्यानं गटाकडे होतं. पुढच्या महिन्यात नवा ठेका निघणार होता, आणि ज्याच्यावर कोर्टाचं देणं असेल त्याला ठेका भरता येत नव्हता. मागच्या वेळी या चौदा बायकांसमोर धनराजच बोलीत हरला होता.

"तयं गेलं तं चौदा चुली गेल्या," ती म्हणाली. "अन् सही माही. बायांले मी का सांगू?"

सही करायला ती दोन हिवाळ्यांपूर्वी शिकली होती. त्याआधी सगळीकडे अंगठा. गुणवंतभाऊंनी तळ्याकाठच्या शेडमध्ये संध्याकाळचा वर्ग काढला, वह्या सुरेंद्रनं आणल्या. सुरेंद्र म्हणजे तिच्या दिराचा मुलगा, गटाचा हिशेब तोच लिहायचा. पहिल्यांदा स्वतःचं नाव उमटलं त्या दिवशी आपण घरी जाऊन चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानं तेच लिहिलं, हे सांगताना एवढ्या संकटातही तिला हसू आलं. मग कागदाकडे नजर गेली आणि ते हसू मावळलं.

ती गेल्यावर खैरुनबाईंनी पावती जशीच्या तशी लॅपटॉपवर उतरवून घेतली. 'खालील माल चांगल्या स्थितीत मिळाला. जाळी १२ नग, नायलॉन दोळ ४० किलो.' संगणकानं 'दोळ'खाली लाल रेघ ओढली. लिहिणाऱ्याचा हात घसरला असेल, असं म्हणून त्यांनी ती तशीच राहू दिली.

शब्दांच्या बाबतीत बाईंचा कान पक्का होता, कारण मराठी त्यांच्या घरची नव्हती. घरात हिंदी, मराठी सगळी टेबलावरच्या गिऱ्हाइकांकडून शिकलेली. वर्धेकाठचा माणूस तळ्याला तयं म्हणतो आणि वैनगंगेकाठचा तरा. एकाचा डोळा डोया, दुसऱ्याचा डोरा. बाई दोघांचंही तळं आणि डोळाच टाइप करायच्या, आणि माणूस कुठल्या नदीचा आहे ते पत्ता न विचारता ओळखायच्या.

मुदतीचे आठ दिवस उरले होते. मंगळवारी सकाळी टेबल चहावाल्याच्या हवाली करून त्या पळसबोडीच्या बसमध्ये बसल्या. एकतीस वर्षांत अर्जासाठी गिऱ्हाइकाच्या गावी जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

३

तळ्याच्या पाळीवर गटाची टिनाची शेड होती. आत जाळी टांगलेली, दाराशी निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं, 'चपला बाहेळ काढा.' खैरुनबाईंना हसू आलं. पाटीच्या कोपऱ्यात रंगवणाऱ्याचं नाव होतं आरिफ, आणि हा आरिफ म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. भद्रावतीत त्याचं पाट्यांचं दुकान होतं. पोराचा कान धरायचा असं ठरवून त्यांनी चपला काढल्या.

आत सुरेंद्र बसला होता. तिशीचा, अंगावर नवा शर्ट, बाहेर नवी मोटारसायकल. गोकुळानं आधीच कानात सांगितलं होतं की हा महिनाभर संध्याकाळी गायब असतो, आणि कुठं जातो विचारलं तर चिडतो. बाईंनी पावतीची नक्कल त्याच्यासमोर धरली तेव्हा तो खरंच चिडला. हिशेबात असलं काही नाही, मी पाहिलं नाही, मले काऊन विचारता. बोलता बोलता त्यानं गोकुळाच्या सह्या असलेल्या बँकेच्या जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून दिला आणि त्या दिल्याची पोच म्हणून एका कागदावर गटाचा ठप्पा मारून बाईंची सही घेतली. ठप्पा त्याच्या खिशातच असायचा. चहावाल्याच्या बिलावरही तो मारतो, असं बायका हसून सांगत होत्या.

तेवढ्यात गुणवंतराव आले. सत्तरीचे, धुवट पांढरा सदरा, हातात गोकुळाच्या नातवासाठी आणलेली गोळ्यांची पुडी. ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या गोदामात नोकरी करून निवृत्त झालेले, बायकोचं माहेर म्हणून या गावात स्थायिक झालेले. बोलणं असं स्वच्छ की रेडिओवरच्या बातम्या वाटाव्यात.

"मी वैनगंगेचं पाणी प्यायलेला माणूस," ते म्हणाले, "पण या तळ्यानं मला आपलंसं केलं. गोकुळा मला बहिणीसारखी आहे. माझं ऐका, बाई, जबाब वगैरे देऊ नका. तडजोड करू. थोडं तिनं सोडावं, थोडं त्यानं."

म्हातारा भला होता, डोळ्यांत पाणी होतं. सही खरी आहे म्हटल्यावर तोही हबकला होता आणि हात जोडून बोलत होता. गोकुळानं त्याला पाणी दिलं आणि त्याच्या पाया पडली.

परतीच्या बसची वाट पाहत, सोडायला आलेल्या गोकुळाशेजारी, बाई बँकेच्या चिठ्ठ्या चाळत बसल्या. गेल्या ऑगस्टचीच एक चिठ्ठी सापडली. ती आणि पावती त्यांनी मांडीवर शेजारी शेजारी ठेवली, आणि बस आली तरी त्या उठल्या नाहीत. चिठ्ठीवरच्या सहीत अक्षरांच्या डोक्यावर सरळ रेघ होती. पावतीवरच्या सहीला रेघच नव्हती. उघडीबोडकी अक्षरं, नुसती एकाशेजारी एक.

"वरची रेघ मी मागून शिकली," गोकुळा म्हणाली. "आधी नुसते अक्षरं. शिकली त्याच सालच्या संक्रांतीपासून रेघ मारते, तवापासून एकही सही बिनारेघेची नाई."

म्हणजे माल ऑगस्टमध्ये 'मिळाला', पण त्याची सही त्याच्या आधीच होऊन गेली होती.

४

बुधवारी सकाळी खैरुनबाई कोरपन्याला धनराजच्या दुकानात जाऊन बसल्या. जाळं पाहायला आलेल्या गिऱ्हाइकाचं सोंग त्यांना जमलं नसतं, म्हणून त्यांनी सरळ सांगितलं की मी जबाब लिहिणार आहे आणि मला तुमचीही बाजू ऐकायची आहे. धनराज घाबरला नाही. गुबगुबीत, हसतमुख माणूस, त्यानं थंड पेय मागवलं.

"बाईनं माह्यासमोर सही केली," तो म्हणाला. "इथंच, ह्या खुर्चीवर. जायं अन् दोर सुरेंद्रनं गाडीत घातला. आता तयं हातचं जाईन म्हनून नाई म्हनते."

पावती कुणी लिहिली, या प्रश्नावर तो किंचित थांबला. मग म्हणाला, सुरेंद्रनंच, घरून लिहून आणली होती. त्यानं बिलाचं पुस्तक दाखवलं. छापील बिलात दुकानातल्या पोरानं शुद्ध लिहिलं होतं, 'नायलॉन दोर ४० किलो'. पुस्तकातलं सतरा ऑगस्टचं ते बिल इतर बिलांपेक्षा कोरं करकरीत होतं, पण कोरेपणाचा पुरावा कोर्टात चालत नाही.

बाहेर पडताना बाईंना एकच उत्तर दिसत होतं. म्हणजे पुतण्याच. नवी गाडी, नवा शर्ट, वह्या त्यानंच आणलेल्या. हे गोकुळाला कसं सांगायचं, याचे शब्द त्या बसमध्ये जुळवत होत्या. दीर वारल्यावर त्या पोराला तिनंच वाढवलं होतं.

आणि मग गडचांदूरच्या थांब्यावर कंडक्टरनं एका प्रवाशाच्या पासवर शिक्का मारला, आणि बाई ताडकन सरळ बसल्या.

पावतीवर गटाचा ठप्पा नव्हता.

जो माणूस चहाच्या बिलावर ठप्पा मारतो, तो चौऱ्याण्णव हजारांच्या पावतीवर मारायला विसरेल? ठप्पा असता तर कागद दुप्पट भक्कम झाला असता. ज्यानं हा कागद बनवला त्याच्याकडे सही होती, पण ठप्पा नव्हता. सुरेंद्रचं नाव धनराजनं मुद्दाम पुढे केलं होतं, आणि कुणी पुढे केलेलं नाव बहुधा मागच्या कुणाला झाकायला असतं.

त्यांनी तिथूनच सुरेंद्रला फोन लावला आणि संध्याकाळी कुठं जातो ते खडसावून विचारलं. तो म्हणाला, की माजरीला कंत्राटदाराच्या ट्रकवर जातो, गटाला कळलं तर हिशेबाचं काम काढून घेतील म्हणून लपवलं. गाडीचा हप्ता त्याच पैशातून जात होता. मग बाईंनी त्याला आणखी एक गोष्ट विचारली. सही शिकताना बायकांनी वर्गात लिहिलेली सरावाची पानं कुठं आहेत?

"ते तं गुणवंतभाऊनं गोया करून नेले," सुरेंद्र म्हणाला. "हापिसात दाखवा लागते म्हने."

बाईंनी फोन ठेवला. त्यांना ते ऐकून काहीच वाटलं नाही, निदान तसं त्यांनी स्वतःला बजावलं. म्हाताऱ्यानं पानं कुठंतरी ठेवली असतील, धनराजच्या माणसानं उचलली असतील.

५

घरी जाण्याआधी त्या आरिफच्या दुकानात शिरल्या. डोकं शिणलं होतं. कुणाला तरी रागावलं की बरं वाटेल असं होतं. पळसबोडीच्या शेडवर 'बाहेळ' लिहून खानदानाचं नाव घालवलंस, असं त्यांनी उभ्या उभ्याच सुनावलं.

आरिफ ब्रश पुसत हसला. "खाला, मी माह्या मनानं एक मात्रा नाई लिहीत. मराठी मले तुमच्यासारखी कुठं येते? गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीत जे असते तेच काढतो. मंग भांडायले आलं तं चिठ्ठी दाखवतो."

भिंतीला एक तार टांगलेली होती, तीत चिठ्ठ्यांचा जाडजूड गठ्ठा खोवलेला. पाच मिनिटं शोधून त्यानं एक ओढून काढली. पिवळट कागद, मोत्यासारखं सुरेख अक्षर, एकेक वळण मायेनं काढलेलं. 'चपला बाहेळ काढा.' खाली मजकूर देणाऱ्याचं नाव होतं.

खैरुनबाई खाली बसल्या. स्टुलावर ओला रंग होता, तो साडीला लागला, तेही त्यांना कळलं नाही.

बाहेरचं बाहेळ. दोरचं दोळ.

वर्धेकाठच्या माणसाच्या तोंडी ळ चा य होतो. तो चुकून चुकला तर डोया लिहील, तयं लिहील. फार शुद्ध लिहायला गेला तर पायाचा पाळा करील. दोरातल्या र शी त्याचं काही भांडणच नाही. ज्याच्या तोंडी लहानपणापासून ळ च्या जागी र बसलेला आहे, तोच माणूस पुढे कधीतरी र ला भिऊ लागतो. दिसेल त्या र खाली आपला गावठी ळ लपलाय असं त्याला वाटतं आणि तो चांगल्या शब्दालाही दुरुस्त करून बसतो. अशी चूक वैनगंगेकाठचा माणूसच करू शकतो, तीही शुद्ध बोलण्याचा ध्यास घेतलेला. सुरेंद्र नाही. धनराज नाही. अक्षराचं वळण बदललं होतं, पण कानातला र बदलता आला नव्हता.

चिठ्ठीवर नाव होतं, गुणवंतराव.

"खाला, पानी देऊ का?" आरिफनं विचारलं. बाईंनी चिठ्ठीची घडी घातली आणि ती पिशवीत ठेवली.

६

गुरुवारी दुपारी शेडमध्ये चौदाही जणी जमल्या होत्या. सुरेंद्र होता, गुणवंतराव होते. खैरुनबाईंनी लॅपटॉप आणलाच नाही. चार्जिंग गेलं म्हणून सांगितलं, आणि गुणवंतरावांना विनंती केली की जबाबाचा कच्चा मजकूर तुमच्या सुंदर अक्षरात तुम्हीच लिहा, मी सांगते. तडजोडीचं कलमही त्यात घालू, म्हणाल्या. त्यांनी खुशीनं चष्मा पुसला आणि पेन उघडलं.

बाई संथपणे सांगत गेल्या. प्रतिवादी गट अमुक अमुक. वादीकडून कोणताही माल घेतलेला नाही. बारा नग जाळी घेतलेली नाही. चाळीस किलो दोर घेतलेला नाही. म्हाताऱ्याचा हात ठामपणे चालत होता. लिहून झाल्यावर बाईंनी कागद घेतला, स्वतः वाचला नाही, गोकुळाच्या हातात दिला.

"वाच," त्या म्हणाल्या. "तू वाचते ना आता?"

गोकुळा लाजली. मग बोट फिरवत, एकेक अक्षर जोडत वाचू लागली. बायका कौतुकानं ऐकत होत्या. चौथ्या ओळीत ती अडली. मागे गेली, पुन्हा वाचलं.

"चाळीस किलो दो... ळ." तिनं वर पाहिलं. "भाऊ, हे दोळ का असते?"

"दोर," गुणवंतराव म्हणाले. "दोर आहे ते."

"नाई भाऊ. हा ळ हाये. माह्या नावात हाये ना हाच. तुम्हीच शिकवला, दोन पोटाचा."

खैरुनबाईंनी कोर्टाच्या पावतीची नक्कल तिच्यापुढे ठेवली आणि माल लिहिलेल्या ओळीवर बोट टेकवलं. त्याशेजारी आरिफची चिठ्ठी ठेवली. गोकुळानं एक वाचलं, दुसरं वाचलं. दाराबाहेरच्या पाटीकडे पाहिलं. बायका कागदांभोवती सरकल्या.

बाईंनी मग थोडक्यात सांगितलं. ठप्पा नाही म्हणून सुरेंद्र नाही. सहीला रेघ नाही म्हणून ती संक्रांतीच्या आधीची, वर्गातल्या पानावरची. ती पानं कोणी गोळा केली, ते सगळ्यांना ठाऊक. आणि वरचा मजकूर कोणत्या नदीच्या माणसानं लिहिला, ते या एका अक्षरानं सांगितलं.

"एकेका पानावर एकच सही," एक म्हातारी ढिवरीण पुटपुटली. "खाली, कोपऱ्यात. कागद वाया जाते म्हटलं होतं मी."

गुणवंतराव आपल्याच हातच्या ळ कडे पाहत होते. नाकारतील, रागावतील, उठून जातील, असं बाईंना वाटलं होतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. बोलले तेव्हा रेडिओ बंद पडला होता. हा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी होता.

"ऊर्जानगरच्या कॉलनीत मले सारामास्तर म्हनत," ते म्हणाले. "मी शारेले सारा म्हनत होतो म्हनून. अडतीस वर्स हासले. तो र मी पुसत राह्यलो." मग पेन खिशाला लावत, "वर्ग खरा होता, गोकुळा. पानं तवा खरंच हापिसासाठी नेली. धनराज मागून भेटला. ठेक्यात चार आने हिस्सा देतो म्हने. नुसता धाक दाखवू, कोर्टात नाई जात म्हने."

सुरेंद्र पुढे सरसावला होता. गोकुळानं हातानंच त्याला थांबवलं. ती रडत नव्हती. ज्यानं आपल्याला नाव लिहायला शिकवलं, त्यानंच ते विकलं, एवढं तिच्या डोक्यात अजून शिरत नव्हतं. ती त्याच्या समोर बसली, वर्गात बसायची तशीच मांडी घालून.

"भाऊ, अशी पानं अजून किती हायेत तुमच्यापाशी?"

म्हाताऱ्यानं पुढ्यातले कागद एकावर एक लावले.

"माहेच, का सगळ्याईचे?"

"सगळ्याईचे," ते म्हणाले.

तेरा चेहरे एकदम त्यांच्याकडे वळले. एकतीस वर्षांत खैरुनबाईंना पहिल्यांदाच वाटलं की उठावं आणि घरी जावं, हे लिहायला आपल्याला सांगू नये कुणी.

पानं सुरेंद्र घेऊन आला. गुणवंतरावांच्या ट्रंकेत इस्त्री केलेल्या सदऱ्याखाली होती, एकशे अठरा. कोरी, रेघांची, प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात एकेक उघडंबोडकं नाव. चौदाही जणी ती जमिनीवर पसरून आपापली नावं शोधत होत्या, आणि सापडलं की उचलून पदराखाली घेत होत्या. जबाबाला जोडायला बाईंनी गोकुळाची दोनच मागून घेतली.

त्याच संध्याकाळी गुणवंतरावांनी स्वतःचं शपथपत्र सांगितलं, शुक्रवारी बाईंनी ते टेबलावर टाइप केलं. जबाब मुदतीच्या चार दिवस आधी दाखल झाला. मूळ पावती कोर्टातच होती, तिच्याशेजारी ही पानं लागली, आणि पुढच्या तारखेला धनराजच्या वकिलानं दावा मागे घेण्याचा अर्ज दिला. तेवढ्यानं त्याची सुटका झाली नाही. खोट्या कागदाचं प्रकरण वेगळं सुरू झालं आणि ते अजून चालू आहे. त्यात गुणवंतरावही आहेत.

पण शुक्रवारची गोष्ट राहिली. कडुनिंबाखाली जबाब छापून तयार होता आणि खैरुनबाईंनी गोकुळाला सहीची जागा दाखवली. तिनं पेन घेतलं, मग ठेवून दिलं. शाईची डबी आहे का, असं तिनं हळूच विचारलं. तिला अंगठा द्यायचा होता.

डबी ड्रॉवरमध्ये होती. बाईंनी ती काढली नाही. थोडा दूर, फाटकाजवळ, गुणवंतराव उभे होते, आपल्या शपथपत्राची पाळी यायची वाट पाहत. त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं. तेही जवळ आले नाहीत.

"गोकुळा," ते तिथूनच म्हणाले, "तरा तुमचाच हाये. सही कर."

तिनं त्यांच्याकडे मान वळवली नाही. पेन उचललं आणि मजकुराच्या शेवटच्या ओळीपासून खाली सहीच्या जागेपर्यंत जेवढा कागद कोरा होता, त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडव्यातिडव्या रेघा मारल्या. बोटाएवढीही जागा ठेवली नाही. मग कोपऱ्यात आधी डोक्यावरची रेघ ओढली, सरळ, आणि तिच्याखाली एकेक अक्षर लिहीत गेली. ळ ला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला.